पाच रकान्यांची वही: जुनं तत्त्वज्ञान रोजच्या कामाला लावताना

सकाळी ग्रुपवर येणारी बहुतेक सुवचनं वापरायला निरुपयोगी असतात. ती खोटी असतात असं नाही, पण त्यांत करायला काही सांगितलेलं नसतं. 'सगळी माया आहे' हे खरं असेलही. गाडीचा हप्ता थकलाय आणि वसुलीवाल्याचा फोन वाजतोय, तेव्हा त्या वाक्याचं करायचं काय? म्हणून निवडताना एकच कसोटी लावा. वचन वाचून झाल्यावर 'मग आज मी काय करू?' या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर मिळतं का? मिळालं तर घ्या, नाही तर नमस्कार करून पुढे चला. या कसोटीला उतरणारी मोजकी साधनं इथे दिली आहेत. काही गीतेतली, काही पतंजलींची, काही स्टोइकांची, म्हणजे वृत्ती स्थिर ठेवायला शिकवणाऱ्या ग्रीक-रोमन विचारवंतांची, आणि एक सोलापूरच्याच मातीतलं.

सामान फार लागत नाही. किराणा दुकानात उधारीसाठी असते तसली शंभर पानी लांब वही, एक पेन, आणि रात्रीची दहा मिनिटं. मोबाईलमधल्या नोट्स टाळा. लिहायला म्हणून उघडला की आधी तीन मेसेज दिसतात आणि दहा मिनिटं तिथेच जातात.

बिघडलेल्या कामाचे पाच रकाने

गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक फारसा कुणी भिंतीवर लावत नाही: 'अधिष्ठानं तथा कर्ता करणं च पृथग्विधम् । विविधाश्च पृथक्चेष्टा दैवं चैवात्र पञ्चमम् ॥' कोणतंही काम पाच गोष्टी मिळून घडतं: जागा, करणारा, साधनं, करण्याची पद्धत आणि दैव. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर, करण म्हणजे इंद्रियं आणि दैव म्हणजे त्या इंद्रियांच्या देवता असा अर्थ आहे. कारखान्याला किंवा घराला तो श्लोक लावणं ही आपण घेतलेली मोकळीक आहे. पण घेण्यासारखी आहे.

समजा, यंत्रमागावरून ३० बाय ६० इंची टॉवेलांचे २०० नग गेले आणि व्यापाऱ्याने ३६ परत पाठवले. आधी घटना एका ओळीत लिहा, विशेषण न लावता: 'मंगळवारी ३६ टॉवेल परत आले, कारण विणीत गाळे, म्हणजे धागे सुटलेल्या जागा.' 'व्यापारी माजलाय' किंवा 'नाक कापलं गेलं' हे घटनेत येत नाही. ते तुमचं मत आहे. मग पानावर पाच रकाने पाडा.

जागेच्या रकान्यात येईल: पत्र्याचं शेड, एप्रिलची दुपार, कोरडी हवा. कोरड्या हवेत सुती ताण्याचे, म्हणजे उभे धागे जास्त तुटतात हे प्रत्येक मागवाल्याला माहीत असतं, पण माल परत आल्यावर ते आठवत नाही. साधनांत: ताणा गुंडाळलेल्या बीमला खळ नीट बसलेली नाही, आडवा धागा नेणाऱ्या एका धोट्याची कड खरबरीत झालीय. पद्धतीत: तुटलेला धागा लगेच सांधला जात नाही, आणि माल तपासला जातो तो घडी घालताना, म्हणजे चूक दुरुस्त करायची वेळ निघून गेल्यावर. दैवात: पाळीत दोनदा वीज गेली, माग थांबून पुन्हा सुरू होताना विणीवर पट्टा उमटतो. आणि सगळ्यात शेवटी करणाऱ्याचा रकाना: एकच माणूस जास्तीचे माग बघतोय, तोही रात्रपाळीच्या शेवटच्या दिवशी.

श्लोकात कर्ता दुसरा आहे, तरी वहीत तो शेवटी भरायचा. रागात असताना माणूस चटकन सापडतो, धोट्याची कड सापडत नाही. कर्ता आधी लिहिला की बाकीचे चार रकाने कोरे राहतात आणि 'तो कामगार बेफिकीर आहे' इथेच विचार थांबतो. दोनच श्लोक पुढे, सोळाव्यात, गीता स्पष्ट सांगते की जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही. हा नियम दुसऱ्याला दोष देताना तर लागतोच, स्वतःला कोसतानाही लागतो.

दैवाच्या रकान्यात एकच ओळ लिहायची, जास्त नाही. ही अट मोडली की सगळं पान तिथेच सरकतं: बाजार पडला, सूत महागलं, सरकारचं लक्ष नाही. सगळं खरं असेल, पण त्यातलं येत्या रविवारपर्यंत तुमच्या हातून काही बदलणार नाही. उलट, दैवाचा रकाना कोराच ठेवणारेही असतात. सगळं आपल्याच अंगावर घेणारी ही माणसं बाहेरून फार जबाबदार दिसतात आणि आतून झिजत असतात. त्यांनी तिथे एक ओळ लिहिलीच पाहिजे.

पाचही भरले की रविवारपर्यंत बदलता येतील अशा फक्त दोन गोष्टींखाली रेघ मारा. वरच्या उदाहरणात धोटा बदलणं आणि तपासणी मागावरच करणं. पाच सुधारणा एकदम हाती घेतल्या तर कशाने फरक पडला तेच कळत नाही. पुढच्या रविवारी त्याच पानाखाली निकाल लिहा.

हेच पान मुलाच्या गणिताच्या मार्कांना लागतं, तुटलेल्या जागेच्या सौद्याला लागतं, बिघडलेल्या शेंगा चटणीच्या घाण्यालाही लागतं. आठवड्याला एकच घटना घ्या. आणि महिन्यातून एकदा नीट झालेल्या कामाचंही पान भरा. यशाचे पाच रकाने भरताना बायकोचं, शेजाऱ्याचं, जुन्या मुकादमाचं नाव कुठे कुठे येतं ते दिसेल.

बाहेर पडण्यापूर्वीची दोन मिनिटं

स्टोइक विचारवंत एपिक्टेटस पहिल्या शतकात रोमन साम्राज्यात गुलाम म्हणून वाढला, सुटका झाल्यावर ग्रीसमधल्या निकोपोलिसला शिकवू लागला. स्वतः त्याने काही लिहिलं नाही. एरियन या शिष्याने टिपून ठेवलं. काय आपल्या हातात आणि काय नाही, ही त्याची विभागणी सगळ्यांना माहीत असते. त्यापेक्षा कामाची आहे ती त्याची सार्वजनिक स्नानगृहाची सूचना. तो सांगतो, अंघोळीला निघण्यापूर्वी तिथे काय होतं ते आठवा: कुणी पाणी उडवतं, कुणी ढकलतं, कुणी शिव्या देतं, कुणी चोरी करतं. मग मनाशी म्हणा, मला अंघोळ करायचीय आणि माझी वृत्तीही ठिकाणावर ठेवायचीय.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला निघालाय? चप्पल घालताना तीन गोष्टी मनात म्हणा: रांग लांब असेल, कुणीतरी मध्ये घुसेल, खिडकीवरचा माणूस तुटक बोलेल. मग दोन उद्दिष्टं: केसपेपर मिळवायचा, आणि आवाज चढवायचा नाही. दुसरं उद्दिष्ट मोठ्याने म्हणा, कारण पहिलं आपोआप लक्षात राहतं. नळाला पाणी काही दिवसांआड येतं त्या भागातल्या घरांसाठी पाण्याचा दिवस हा उत्तम सराव आहे: वेळ पुढेमागे होईल, दाब कमी असेल, शेजारची मोटर आधी सुरू होईल. ज्याने हे आदल्या रात्री गृहीत धरलं तो पिंप आधी धुऊन ठेवतो. ज्याने धरलं नाही तो पहाटे पाचला जिन्यात भांडतो.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे यादी वाढवणं. तीनच गोष्टी, त्याही त्या ठिकाणी नेहमी घडणाऱ्या. आजार, अपघात, मरण यांची उजळणी सुरुवातीला करू नका, आणि रात्री अंथरुणात तर मुळीच नको. तिथे या सरावाचा घोर होतो. दुसरी चूक अन्याय गिळण्याची. खिडकीवर पैसे मागितले तर शांतपणे नाव, वेळ, तारीख टिपून लेखी तक्रार द्यायची. वृत्ती ठिकाणावर असेल तर अर्ज मुद्देसूद होतो, एवढा फायदा नक्की.

माणसांसाठी चार नजरा, आणि जीभ

पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पहिल्या पादातलं, म्हणजे भागातलं, तेहतिसावं सूत्र सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं करणाऱ्याविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा ठेवायला सांगतं. वहीत प्रत्येकीसाठी ओळखीतल्या एकेका माणसाचं आद्याक्षर लिहा. नवीन गाडी घेतलेल्या चुलत भावाला दोन दिवसांत फोन करून 'गाडी कशी चालतीय?' विचारा, मत्सर उतरायला याहून सोपा उपाय नाही. गडबड बहुधा अदलाबदलीत होते: दुःखी माणसाची आपण उपेक्षा करतो, कारण त्याच्याशी काय बोलावं सुचत नाही, आणि त्रास देणाऱ्याचा विचार मात्र दिवसभर करतो. उपेक्षा म्हणजे त्याला मनात जागा न देणं. व्यवहारात पावती मागणं, हद्दीची मोजणी करून घेणं हे चालूच ठेवायचं.

बोलण्यासाठी गीतेच्या सतराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक पुरेसा आहे: उद्वेग न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. मेसेज पाठवण्याआधी चारही विचारा, आणि एकही 'नाही' आलं तर तासभर थांबा. प्रिय म्हणजे गोडगोड बोलणं असं धरून बसू नका. 'काय बे, जेवलास का?' यातला 'बे' सोलापुरात कुणाला लागत नाही. 'तुमचं काय बाबा, मोठी माणसं' हे लागतं.

कायक आणि दासोह: महिन्याचा हिशेब

हे साधन बाराव्या शतकातलं, म्हणजे वरच्यांपेक्षा नवीन, पण सोलापूरकराला सगळ्यात जवळचं. परंपरेनुसार बसवेश्वरांनी मंगळवेढ्यात बिज्जळ राजाच्या पदरी हिशेबाचं काम केलं. सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव खोदवला, पुढे ते संत अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला गेले. शरणांचं, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या या संतांचं म्हणणं दोन भागांत येतं: प्रत्येकाने प्रामाणिक श्रम करायचे, ते कायक, आणि गरजेपलीकडचं समाजाकडे परत द्यायचं, तो दासोह. कल्याणची लक्कम्मा याची कडक बाजू दाखवते. नवरा मारय्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त आणले, तर तिने ते परत टाकून यायला लावले.

इतकं कडक व्हायला कुणी सांगत नाही. करायचं ते असं: तीन महिने घरचा खर्च गरज आणि हौस अशा दोन रकान्यांत लिहा. गरजेत भाडं, किराणा, फी, औषधं, हप्ते. तीन महिन्यांची सरासरी काढली की घराला खरंच किती लागतं ते कळतं. पगारातून तेवढे वजा करून जे उरतं त्याचा ठरलेला हिस्सा, समजा विसातला एक भाग, दासोहाचा. उरलेले ४,००० असतील तर २०० रुपये. रक्कम लहान चालेल, तारीख चुकता कामा नये. पगार झाल्या दिवशीच वेगळी काढा. महिनाअखेरीला शिल्लक बघून द्यायचं ठरवलं तर शिल्लक उरत नाही. सावकाराचं व्याज चालू असेल तर आधी ते फेडा आणि तोवर दासोह श्रमाचा करा: रविवारी दोन तास एखाद्याच्या मुलाला गणित शिकवणं, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत पाणी वाटणं.

बिघडतं कुठे, तर फोटोत. देणारा वर आणि घेणारा खाली असं चित्र तयार झालं की दासोह संपला. दिलेल्याची नोंद वहीत ठेवा, स्टेटसला नको. आणि कायकाकडे डोळेझाक करून दासोहावर भर देऊ नका. मापात मारून अन्नदान करणाऱ्याला शरणांच्या हिशेबात जमेची बाजूच नसते.

रात्रीचे तीन प्रश्न

रोमन स्टोइक सेनेका सांगतो की दिवा मालवल्यावर आणि बायकोचं बोलणं थांबल्यावर तो दिवसाची तपासणी करायचा. प्रश्न त्याने सेक्स्टियस या आधीच्या रोमन विचारवंताकडून घेतले होते: आज कोणता दोष दुरुस्त केला? कोणत्या ओढीला अडवलं? कोणत्या बाबतीत कालपेक्षा बरा झालो? प्रत्येकाला एक ओळ, एकूण तीन. उत्तरात घटना लिहा: 'मुलीवर ओरडणार होतो, आधी पाणी प्यायलो.' 'संयम ठेवला' असं लिहिलं तर महिन्याने वाचताना काहीच कळत नाही. तपासणी संपली की सेनेका स्वतःला म्हणतो, पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ केलं. ही शेवटची ओळ गाळायची नाही. ती गाळली की वही तक्रारींची होते आणि दोन आठवड्यांत बंद पडते.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले तीन आठवडे फक्त रात्रीचे प्रश्न. मग रविवारचे पाच रकाने. घराबाहेर पडतानाची दोन मिनिटं त्यानंतर, आणि महिन्याचा हिशेब जमेल तेव्हा. पतंजली सरावाला तीन अटी घालतात: दीर्घ काळ, खंड न पडता, आदराने. खंड पडणारच, लग्नसराईत तर हमखास. तेव्हा राहिलेले दिवस भरून काढत बसू नका; आजची तारीख टाका आणि पुढे लिहा.

झोप, भूक, कामात लक्ष हे दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल तर या वहीने भागणार नाही. डॉक्टरांना दाखवा, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि वहीत लोकांची पूर्ण नावं कधीच लिहू नका. शंभर पानी वही घरात कुणाच्याही हाती लागते, विशेषतः दिवाळीच्या साफसफाईत.