आवाजाची लाट मोजायची: पेटी, पाइप आणि पाण्याची बादली

संगणकाच्या पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ दिसली की तिच्या दोन शेंड्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी, असं सांगून बरेच जण मोकळे होतात. ते चूक आहे. तिथला आडवा अक्ष सेकंदांचा असतो, सेंटिमीटरचा नव्हे, म्हणून दोन शेंड्यांमध्ये दिसतो तो दोलनकाल, म्हणजे एका आवर्तनाला लागणारा वेळ. तरंगलांबी खोलीतल्या हवेत असते आणि तिथेच मोजावी लागते. तेव्हा वेळ पडद्यावर मोजायची आणि लांबी बादलीत.

वेळेसाठी ऑडॅसिटी ही रेकॉर्डिंगची संगणक-प्रणाली पुरे, ती फुकट मिळते. पेटीच्या (हार्मोनियमच्या) मधल्या सप्तकातली काळी एक दाबा, भाता एकसारखा चालू ठेवा आणि पाच सेकंद रेकॉर्ड करा. पेटी डबल सुरांची (प्रत्येक पट्टीला नर हा नेहमीचा आणि खर्ज हा एक सप्तक खालचा, असे दोन सूर) असेल तर आधी खर्जाचा स्टॉपर बंद करा. तो उघडा राहिला तर नर आणि खर्ज मिळून लाटेचा नमुना दुप्पट वेळाने पुन्हा येतो, आणि उत्तर बरोब्बर निम्मं निघतं. निम्मं उत्तर आलं की पहिला संशय खर्जावर घ्यावा.

रेकॉर्डिंगच्या मधला भाग कंट्रोल आणि १ दाबून मोठा करत जा. पेटीची लाट गुळगुळीत नसते, एकाच आवर्तनात ती मधल्या रेषेला अनेकदा छेदते. म्हणून छेद मोजत बसू नका. ओळखता येईल असा एक शेंडा धरा आणि तसाच शेंडा दहा वेळा पुढे येईपर्यंतचा भाग निवडा. निवडलेल्या भागाचा काळ खाली दिसतो (तिथे 'लेंग्थ' लिहिलेलं असतं, घोळाचं मूळ बहुधा हेच). समजा ०.०३६१ सेकंद आले. १० भागिले ०.०३६१ म्हणजे २७७ हर्ट्झ (सेकंदाला २७७ आवर्तनं). पांढरी सहा ४४० ला लावलेल्या पेटीत काळी एक एवढीच असायला हवी. दहा आवर्तनं कशाला? एकच आवर्तन मोजताना ०.१ मिलिसेकंदाची चूक झाली तर उत्तर जवळजवळ ३ टक्के हलतं, म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याने बेसूर. दहांवर तीच चूक ०.३ टक्क्यांच्या आत राहते.

उभा अक्ष आयामाचा, म्हणजे लाट मधल्या रेषेपासून किती वर-खाली जाते त्याचा, −१ ते +१. शेंडे ०.५ च्या आसपास ठेवा. ते कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसले तर आवाज माइकच्या कुवतीबाहेर गेला आहे, पेटी लांब न्या. आयाम दुप्पट झाला की ६ डेसिबल वाढतात. पण फोनवर रेकॉर्ड करून दोन आवाजांच्या आयामांची तुलना करू नका. बरीच रेकॉर्डिंग अ‍ॅप्स लहान आवाज आपोआप वाढवतात आणि मोठा दाबतात.

आता बादली. आतून सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचा, ३० सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या. वरच्या टोकापासून दर सेंटिमीटरला मार्करने खूण करा. बादलीत किमान २५ सेंटिमीटर पाणी हवं. फोनवर टोन जनरेटर अ‍ॅपमधून १००० हर्ट्झचा सूर लावा आणि स्पीकर पाइपच्या तोंडावर दोनेक सेंटिमीटर उंच धरा. तोंड झाकायचं नाही, आणि फोन दुसऱ्या माणसाच्या हातात दिलेला बरा. पाइप जवळजवळ पूर्ण बुडवून सावकाश वर उचला. एका जागी सूर एकदम घुमतो, तेव्हा पाण्याच्या पातळीशी कोणती खूण आहे ती पाहून ठेवा. मग उचलत राहा, दुसऱ्या जागी पुन्हा घुमेल. या वेळी डोकं हलवू नका, कारण भिंतींवरून परतलेल्या लाटांमुळे एकाच सुराचा आवाज खोलीत हातभर अंतरावरही कमीजास्त ऐकू येतो.

२५ अंश तापमानाला पाण्यावरच्या हवेच्या या दोन लांबी ७.९ आणि २५.२ सेंटिमीटरच्या जवळपास येतात. फरक १७.३, आणि तो अर्ध्या तरंगलांबीएवढा असतो. म्हणजे तरंगलांबी ३४.६ सेंटिमीटर. तिला १००० ने गुणलं की वेग सेकंदाला ३४६ मीटर. नुसती पहिली लांबी पाव तरंगलांबीएवढी धरून चौपट केली तर वेग ३१६ येतो. कारण लाट पाइपच्या तोंडाशी थांबत नाही, व्यासाच्या साधारण ०.३ पट बाहेर डोकावते. वजाबाकीत हा जादा तुकडा आपोआप उडतो. फरक वाचताना २ मिलिमीटर चुकले तर वेगात ४ मीटरची चूक पडते.

वेग हातात आला की पेटीकडे परत या. ३४६ भागिले २७७, म्हणजे काळी एकची तरंगलांबी सव्वा मीटर, खुद्द पेटीपेक्षा लांब.

उत्तर ताडून पाहायचं तर ३३१.३ मध्ये तापमानाच्या ०.६ पट मिळवा. १५ अंशांना ३४० येतील, ३५ ला ३५२. सूर जोराने वाजवल्याने या आकड्यात काही फरक पडत नाही, हवा तापल्याने पडतो. बासरीतली हवा २५ वरून ३५ अंशांवर गेली तर सूर अर्ध्या स्वराच्या पावभागाहून थोडा जास्त चढतो, आणि तंबोऱ्याच्या तारा मात्र उन्हात उतरतात.