नमुनाही ब्लीडच असतो: १५ मिलीच्या भांड्यात परफ्यूजन बसवताना

ॲम्बर १५ या पेशी वाढवायच्या छोट्या बायोरिॲक्टरच्या साध्या भांड्यात पेशी अडवणारा फिल्टर नसतो. त्यामुळे इथलं परफ्यूजन (पेशी भांड्यातच ठेवून त्यांचा पोषक द्रव, म्हणजे मीडियम, बदलत राहणं) तुकड्यातुकड्यांनी चालतं: पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवायच्या, वरचा द्रव काढायचा, ताजं मीडियम घालायचं. क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेला पेशींचा वाण) आणि मीडियम निवडायला ही पद्धत बिनधास्त वापरा. पण तिच्यातून निघालेला वाढीचा दर डोळे झाकून २,००० लिटरच्या टाकीला लावलात तर फसाल.

घनता स्थिर ठेवायला रोज थोडं कल्चर पेशींसकट काढून टाकतात, ती ब्लीड; वाढीचा दर तिच्यावरूनच काढतात. फसवतो तो नमुना. भांड्यात १२ मिली कल्चर आहे असं धरा. सकाळी मोजणीला ०.६ मिली, संध्याकाळी पीएच तपासायला ०.६ मिली. झाले १.२ मिली, म्हणजे रोज १० टक्के पेशी बाहेर. तीही ब्लीडच! वहीत मात्र ठरवलेली २.४ मिली, म्हणजे २० टक्केच लिहिलेली असते. त्यावरून दर येतो दिवसाला ०.२२ (ब्लीड एकदम काढतो, म्हणून ०.८चा नैसर्गिक लॉग घ्यायचा, सरळ ०.२० नाही). नमुने धरले की खरा दर ०.३३. घनता स्थिर, आलेख सपाट, सगळे खूश. मोठ्या टाकीत नमुना नगण्य असतो. तिथे २० टक्केच ब्लीड ठेवली की घनता चढत जाते आणि पेशीमागे मिळणारं मीडियम घटतं: रोज कल्चरच्या आकारमानाइतकं मीडियम देताना मिलीमागे २ कोटी पेशी असतील तर ५० पिकोलिटर, ४ कोटी झाल्या की २५. मग खापर फुटतं मीडियमवर.

उपाय सोपा आहे. नमुन्याचे १.२ मिली ठरलेल्या ब्लीडमधून वजा करा आणि उरलेले १.२ मिलीच काढा. पाच लिटरच्या भांड्यांवर हात बसलेले सीनियर दोन नमुन्यांचा हट्ट धरतात. वाद घालू नका, हा हिशेब पुढे ठेवा. पहिल्या एक-दोन रनमध्ये घनता वरखाली झाली तरी घाबरू नका, ब्लीड जुळायला वेळ लागतोच.

स्टरर थांबवून पेशी बसू देण्याचा शॉर्टकट २ कोटी घनतेला नकोच. पेशी तासाला ०.२५ पिकोमोल ऑक्सिजन घेते असं धरलं, तर ५० टक्के डीओचा (द्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनचा) साठा जेमतेम सव्वा मिनिट पुरतो. पेशी बसायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

कार्बन डायऑक्साइड इथे सहज उडून जातो, मोठ्या टाकीत साठतो. तो परिणाम बघायचा असेल तर वायूमिश्रणात त्याचं प्रमाण मुद्दाम वाढवा, आणि पीएच घसरणार हे धरून बेसची (पीएच वर आणणाऱ्या अल्कलीची) लाइन आधीच भरून ठेवा.