आधी विचारा, मुलं येतात कुठून?

नवीन रुजू झालेले सहकारी हायब्रिड कोर्सबद्दल, म्हणजे काही भाग वर्गात आणि काही ऑनलाइन अशा कोर्सबद्दल, विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न हमखास अ‍ॅपचा असतो. मीट बरं की झूम? मूडल शिकून घेऊ का? मी त्यांना उलट विचारते, तुमची मुलं येतात कुठून? आणि त्यांच्या हातातला फोन त्यांचा स्वतःचा आहे का?

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात एफवाय आणि एसवाय बीकॉमला अर्थशास्त्र शिकवते. पटावर १२० मुलं. दरवर्षी पहिल्या आठवड्यात वर्गात एक कागद फिरवते. फॉर्मची लिंक पाठवत नाही, कारण ज्याचा डेटा संपलाय त्याचं उत्तर लिंकवर येणारच नाही. कागदावर चार प्रश्न असतात: कुठून येता, प्रवासाला किती वेळ लागतो, फोन कुणाचा, कॉलेज सुटल्यावर कामाला जाता का. टिटवाळा, दिवा, नालासोपारा, गोवंडी अशी उत्तरं येतात. कुणी दुपारी दोनला मेडिकल स्टोअरमध्ये उभं राहतं, कुणाचा फोन संध्याकाळी सातपर्यंत आईकडे असतो. हा कागद हातात आल्याशिवाय टीचिंग प्लॅन लिहायला बसू नका.

हे मला फार उशिरा समजलं. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा आम्ही वर्गातलं लेक्चर उचललं आणि जसंच्या तसं स्क्रीनवर नेलं. मीही नेलं. तासभर मी बोलत होते आणि समोर नावांची अक्षरं असलेले गोल दिसत होते. एक मुलगी तीन आठवडे एकदाही बोलली नाही. मी तिच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असं लिहीत राहिले. मग एक दिवस नाव घेऊन प्रश्न विचारला, तर चॅटमध्ये तिचं उत्तर आलं: ‘मॅडम, पप्पा नाइट करून झोपलेत, बोलू शकत नाही. पण उत्तर येतं मला.’ आणि खाली तिने उत्तर टाइप केलं. बरोबर होतं.

दहा बाय दहाच्या खोलीत बाप झोपलेला, कुकर लावलेला आणि धाकटा भाऊ शेजारी बसून स्वतःची शाळा ऐकतोय, अशा घरात कॅमेरा सुरू करायला सांगणं म्हणजे मुलीला तिचं घर सगळ्यांपुढे उघडं करायला लावणं. मी त्या दिवसापासून कॅमेऱ्याची सक्ती सोडली. हजेरी आता मी उत्तरांवर घेते. प्रत्येक ऑनलाइन तासात दोन-तीन वेळा काहीतरी लिहायचं असतं. चॅटमध्ये एक ओळ, पोलमध्ये एक टिचकी किंवा वहीत गणित सोडवून त्याचा फोटो. ज्याने लिहिलं तो हजर.

आता मूळ कामाकडे. २०२१ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मिश्र अध्यापनाचा जो मसुदा काढला त्यात कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन घेता येईल असं म्हटलं होतं. हा आकडा वाचून बरेच जण आठवड्याचे वार वाटून टाकतात. सोमवार, मंगळवार ऑनलाइन, बाकी वर्गात. वार वाटण्याआधी युनिट वाटा. माझी कसोटी सोपी आहे: टिटवाळ्याहून दीड तास लटकत येणाऱ्या मुलाला हा तास त्या प्रवासाच्या मोलाचा वाटेल का? व्याख्या सांगणं, सूत्र लिहून देणं, आकृती टप्प्याटप्प्याने काढून दाखवणं हे सगळं फोनवर जाऊ शकतं. तिथे ते थांबवून, मागे नेऊन पुन्हा बघता येतं. एकमेकांशी वाद घालणं, चुकीचं गणित शेजाऱ्याला समजावणं, शंका अर्धवट शब्दांत विचारणं यासाठी मात्र माणूस समोर हवा. ते वर्गासाठी राखून ठेवा.

एक युनिट उलगडून दाखवते. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते. आदल्या रात्री मुलांना सात मिनिटांचा व्हिडिओ जातो. त्यात स्टेशनबाहेरचा एक वडापाववाला आहे. वडापाव १५ रुपयांवरून १८ झाला आणि दिवसाचा खप ४०० वरून ३६० वर आला. चौथ्या मिनिटाला मी थांबते आणि म्हणते, व्हिडिओ बंद करा, वहीत उत्तर काढा, मग पुढे या. व्हिडिओत मध्येच असं थांबवून विचार करायला लावण्याची पद्धत मी आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागाच्या मंडळींकडून घेतली. त्यांच्या एलसीएम (लर्नर-सेंट्रिक मूक, म्हणजे शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारा ऑनलाइन कोर्स) नावाच्या मांडणीत व्हिडिओला भाषण न मानता शिकणाऱ्याशी चाललेला संवाद मानतात.

व्हिडिओनंतर एकच प्रश्न असतो. लवचिकता किती? पर्याय तीन: ०.५, २ आणि १३.३. किंमत २० टक्के वाढली, खप १० टक्के घटला, १० ला २० ने भागलं म्हणून उत्तर ०.५. पण माझा जीव आहे तो चुकीच्या दोन पर्यायांवर. ज्याने २ निवडलं त्याने भागाकार उलटा केला. ज्याने १३.३ निवडलं त्याने टक्केवारी काढलीच नाही, सरळ ४० ला ३ ने भागलं. हे दोन्ही पर्याय मी मनाने रचलेले नाहीत, जुन्या उत्तरपत्रिकांतून उचललेत. सकाळी वर्गात जाण्यापूर्वी मी फोनवर आकडे पाहते. २ वाले जास्त असतील तर तासाची सुरुवात सूत्राच्या वरच्या आणि खालच्या मजल्यापासून होते. १३.३ वाले जास्त असतील तर लवचिकतेला हातच लावत नाही, आधी टक्केवारी. मग वेगवेगळी उत्तरं दिलेल्या मुलांच्या जोड्या लावते आणि एकमेकांना पटवायला सांगते. त्या दहा मिनिटांत वर्गात जो गलका होतो त्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते.

म्हणून नव्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की व्हिडिओच्या सजावटीत रात्री घालवू नका, त्या वेळात चुकीचे पर्याय नीट बनवा. जुने पेपर काढा, मुलं नेमकी कुठे घसरतात ते लिहून ठेवा.

व्हिडिओसाठी फार काही लागत नाही. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलचे दोन उंच डबे ठेवते, त्यांच्यावर पट्टी आडवी टाकते आणि मागचा कॅमेरा खाली कागदाकडे राहील असा पट्टीवर फोन ठेवते. खाली कोरा कागद आणि जाड स्केचपेन. मुलांना फक्त माझा हात आणि कागद दिसतो. पंखा बंद, खिडकी बंद, कॉलरला वायरवाल्या इअरफोनचा माइक. चित्र थोडं धुरकट असलं तरी मुलं चालवून घेतात, आवाज फाटला तर लगेच बंद करतात. लांबीबद्दल सांगायचं तर, फिलिप गुओ या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहण्याच्या लाखो सत्रांचा अभ्यास करून २०१४ मध्ये दाखवलं की सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ मुलं सगळ्यात जास्त टिकून पाहतात. माझा अनुभव वेगळा नाही. व्हिडिओ कमी रिझोल्यूशनवर काढा, शिवाय त्यातला नुसता आवाज वेगळा आणि कागदाचा फोटो वेगळा, असेही ग्रुपवर टाका. लोकलमध्ये मध्येच रेंज जाते, पण आधीच उतरवून घेतलेला आवाज ऐकू येतो. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी त्या फोटोच्या तळाशी पाच शब्दांची जोडयादी देते, लवचिकता म्हणजे इलॅस्टिसिटी वगैरे. परीक्षेच्या वेळी हीच यादी सगळ्यात जास्त फिरते.

अर्धी मुलं वर्गात आणि अर्धी स्क्रीनवर, असा तास सगळ्यात अवघड. तो टाळता आला तर टाळा. पण जुलैत रेड अलर्ट येतो, लोकल कुर्ला-सायनला अडकतात, आणि तो घ्यावाच लागतो. तेव्हा वर्गातल्या एका मुलाला चॅटवर बसवा. चॅटमध्ये आलेला प्रत्येक प्रश्न त्याने मोठ्याने वाचायचा. वर्गातल्या मुलाने विचारलेला प्रश्न तुम्ही माइकमध्ये पुन्हा म्हणा, नाहीतर घरच्यांना फक्त तुमची उत्तरं ऐकू येतात. फळा विसरा, कागदावर लिहा आणि तोच कागद दोन्हीकडे दाखवा. पहिला प्रश्न नेहमी घरी असलेल्यांना.

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात. घरून दिलेली एमसीक्यू परीक्षा मुलाला काय येतं ते सांगत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. निबंध आता चॅटजीपीटी लिहून देतो. मी इंटर्नलसाठी मुलांना त्यांच्याच गल्लीत पाठवते. एका वस्तूचा भाव तीन दुकानांत विचारा, दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा, फरक का पडला ते लिहा. मग वर्गात दोन मिनिटं तोंडी. ज्याने दुकानदाराशी बोलून आकडे आणलेत तो तोंडीला अडखळत का होईना, सांगतोच. एका मुलीने कोथिंबिरीचा भाव असा काही मांडला होता की मी तो पुढच्या वर्षी व्हिडिओत घेतला, तिला विचारून.

आता एक गोष्ट बोलायला हवी. मी पूर्वी एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते. तिथे व्हिडिओ करायचे, रात्री शंका सोडवायच्या, आणि बिलात मात्र फक्त वर्गातले तास. सात मिनिटांच्या व्हिडिओला सुरुवातीला माझे तीन तास जात. ते कुठेच लिहिले गेले नाहीत आणि त्या वर्षी मी खूप थकले. तुम्ही सीएचबीवर असाल तर सेमिस्टर सुरू होण्याआधीच विभागप्रमुखांना विचारा, ऑनलाइन काम वर्कलोडमध्ये कसं धरणार, आणि उत्तर टीचिंग प्लॅनवर लिहून घ्या. ग्रुपवर शंकांची वेळही ठरवा. माझी रात्री आठ ते नऊ आहे. मुलं ती पाळतात.

पहिल्या वर्षी अख्खा सिलॅबस अंगावर घेऊ नका. ज्या युनिटात मुलं दरवर्षी नापास होतात ते एकच निवडा, त्याचे चार व्हिडिओ आणि चार प्रश्न करा. पहिला व्हिडिओ तयार झाला की तो पाठवण्याआधी साधे इअरफोन घालून संध्याकाळच्या लोकलमध्ये उभ्याने ऐका. दादर ते ठाण्यादरम्यान तुमचाच एखादा शब्द तुम्हाला कळला नाही, तर घरी जाऊन तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड करा.