इलेक्ट्रोस्टॅटिक रंगफवारणीचे यंत्र: खानदेशातील कारखान्यांसाठी वापर आणि देखभाल

जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत, तसेच तालुक्याच्या गावांतील लहान शेडमध्ये, लोखंडी कपाटे, कूलरच्या बॉडी, खिडक्यांच्या जाळ्या आणि पेरणीयंत्रांचे भाग इलेक्ट्रोस्टॅटिक गनने रंगवले जातात. कपाटांची मागणी लग्नसराईत वाढते, कूलरची उन्हाची चाहूल लागताच वाढते, आणि पेरणीयंत्रे तर मृगाच्या आधी शेतकऱ्याच्या दारात पोहोचलीच पाहिजेत. म्हणजे कामाची खरी गर्दी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत असते. याच महिन्यांत आपली जमीन सर्वांत कोरडी आणि शेड सर्वांत तापलेली असते. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, त्याची सुरक्षितता आणि रंगाचा दर्जा ही दोन्ही अर्थिंगवर अवलंबून असतात, आणि काळ्या मातीच्या या पट्ट्यात अर्थिंग ऋतूप्रमाणे बदलते. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा अर्थिंगला दिली आहे.

गनमध्ये काय घडते

गनच्या टोकाशी असलेल्या सुईसारख्या इलेक्ट्रोडवर साधारणपणे ६० ते १०० किलोव्होल्ट इतका विद्युतदाब दिला जातो. या दाबामुळे इलेक्ट्रोडभोवतीची हवा आयनीभूत होते, तिच्यातून जाणारे कोरड्या रंगाच्या पावडरचे कण बहुतेक यंत्रांत ऋण विद्युतभार घेतात आणि जमिनीशी जोडलेल्या जॉबकडे, म्हणजे रंगवायच्या वस्तूकडे, ओढले जातात. दाब प्रचंड असला तरी प्रवाह फार थोडा, म्हणजे १०० मायक्रोअँपिअर किंवा त्याहून कमी असतो, कारण गनमधील रोधक त्याला मर्यादा घालतात. त्यामुळे चांगल्या स्थितीतील गनचा झटका स्वतः प्राणघातक नसतो, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे कारागीर निर्धास्त होतात.

खरा धोका गनमध्ये नसून तिच्या आसपास असतो. जमिनीशी न जोडलेली कोणतीही धातूची वस्तू, मग तो थिनरचा डबा असो, स्टूल असो किंवा हुकावर नीट न टेकलेला जॉब असो, फवारणी सुरू असताना गुपचूप विद्युतभार साठवत राहते आणि जमिनीशी जोडलेले काही जवळ येताच ठिणगीच्या रूपाने तो सोडून देते. जमिनीपासून अलग झालेल्या माणसाच्या शरीरावर १०,००० व्होल्टचा भार चढला, तर त्यात सुमारे ५ मिलिज्यूल ऊर्जा साठते. थिनरमधील टोल्युइनची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल पुरेशी असते. पावडरचा ढग पेटायला याहून अधिक ऊर्जा लागते, परंतु ठिणगी एखाद्या मोठ्या जॉबवरून पडली तर तेवढीही मिळू शकते.

अर्थिंग

कारखान्यात दोन प्रकारचे अर्थिंग लागते, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिले वीजपुरवठ्याचे, म्हणजे कंट्रोल पॅनेल, मोटर, पंखे आणि बूथ (फवारणीचा कप्पा) यांचे. त्याचा रोध काही ओहमच्या आत असावा लागतो. दुसरे स्थितिक विद्युतभार वाहून नेण्यासाठीचे, म्हणजे जॉबपासून जमिनीपर्यंतच्या संपूर्ण वाटेचे. तेथे रोध १ मेगओहमच्या (दहा लाख ओहमच्या) आत असावा, असा या क्षेत्रातील मान्य दंडक आहे. हा आकडा कोठून आला ते समजून घेतले की तो लक्षात राहतो. १०० मायक्रोअँपिअरचा प्रवाह १ मेगओहममधून गेला, तर जॉबवर १०० व्होल्टच राहतात आणि त्यातून ठिणगी पडत नाही. हुकावर जुन्या रंगाचा थर साचून रोध १०० मेगओहम झाला, तर तोच प्रवाह जॉबवर १०,००० व्होल्ट उभे करतो.

म्हणून जॉब लटकवण्याच्या हुकाकडे कारखान्यातील सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग म्हणून पाहावे. हुक प्रत्येक फेरीत ओव्हनमधून जातो आणि त्याच्यावरची पावडर शिजून कडक, वीजरोधक थर होतो. दोन-चार फेऱ्यांनंतर जॉब लोखंडाला टेकतच नाही, तो रंगाला टेकतो. मग पावडर नीट बसत नाही, कारागीर दाब वाढवतो, पावडर वाया जाते आणि जॉबवर भार साठतो. हुकाची जॉबला टेकणारी जागा धारदार ठेवावी, म्हणजे ती पातळ थर छेदून धातूपर्यंत पोहोचते. हुकांचे दोन संच असावेत; एक वापरात असताना दुसरा घासून, थर जाळून किंवा रसायनाने साफ करता येतो. रोज सकाळी पहिल्या फेरीआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (मोठा रोध मोजणाऱ्या उपकरणाने), गन बंद असताना, लटकवलेला जॉब आणि बूथची अर्थ पट्टी यांच्यामधील रोध मोजावा. मालकाने या तपासणीला वेळ नाही असे म्हणू नये, कारण ती पहिला जॉब लटकवल्यावर लगेच उरकते.

आता जमिनीतील इलेक्ट्रोडविषयी, म्हणजे अर्थिंगसाठी पुरलेल्या पाइपविषयी. काळी कापसाची माती ओली असताना फुगते आणि वाळली की आक्रसते. एप्रिल-मेमध्ये शेतात भेगा पडतात तशाच त्या अर्थिंगच्या पाइपभोवतीही पडतात, पाइप आणि माती यांचा संपर्क सुटतो, आणि ओलावा गेल्यामुळे उरलेल्या मातीचा रोधही वाढतो. पावसाळ्यात मोजलेले अर्थिंग उत्तम आले म्हणून ते मे महिन्यात तसेच असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. अर्थिंगविषयीचे भारतीय मानक, आय. एस. ३०४३, पाइप इलेक्ट्रोडची लांबी किमान २.५ मीटर सांगते. खानदेशात शक्य असेल तेथे त्याहून खोल, बारमाही ओलाव्यापर्यंत जाणे हिताचे. पाइपभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देण्याची जुनी पद्धत चालते, परंतु मिठाने पाइप गंजतो आणि ते पाण्याबरोबर झिरपूनही जाते. त्यामुळे आकसणाऱ्या मातीत ओल धरणारी, बेंटोनाइट या चिकणमातीसारखी भर अधिक टिकाऊ ठरते, असे माझे मत आहे. खड्ड्याला वर झाकण आणि पाणी घालण्यासाठी नाळके ठेवावे, होळीपासून पाऊस पडेपर्यंत नियमित पाणी घालावे, आणि अर्थ टेस्टरने निदान दोनदा, एकदा ऐन मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, रोध मोजून वहीत लिहून ठेवावा. मे महिन्याचा आकडा हाच खरा आकडा मानावा.

तिसरा भाग माणसाचा. गन धरणाऱ्याचे शरीर गनच्या मुठीतून जमिनीशी जोडलेले राहते, म्हणून मूठ उघड्या तळव्याने धरली पाहिजे. हातमोजा हवाच असेल तर तो वीज वाहून नेणारा असावा किंवा त्याचा तळवा कापलेला असावा. रबरी स्लीपर घालून फवारणी करू नये, स्थितिक भार वाहून नेणारे बूट वापरावेत आणि अंगात नायलॉन किंवा टेरीकॉटऐवजी सुती कपडे असावेत. जळगाव प्लॅस्टिकच्या चटयांसाठी प्रसिद्ध आहे आणि गुडघ्यांना बरे वाटावे म्हणून तीच चटई बूथसमोर अंथरलेली दिसते. ती तेथून आजच उचलावी. चटई, पुठ्ठा किंवा फरशीवर साचलेला रंगाचा थर यांपैकी काहीही पायाखाली असले, तर चांगल्या बुटांचाही उपयोग राहत नाही. फवारणीच्या जागेपासून ३ मीटरच्या आतील धातूची प्रत्येक वस्तू जमिनीशी जोडलेली असावी किंवा तेथून हलवावी. खिशातील नाणी, किल्ल्या आणि मोबाइल बाहेर ठेवूनच आत यावे. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने या विभागात काम करू नये आणि पाहुणा म्हणूनही थांबू नये.

काम सुरू करताना

आधी एक्झॉस्ट पंखा, मग हवा, मग पावडर आणि सर्वांत शेवटी विद्युतदाब, हा क्रम कधीही उलटू नये. पंखा बंद असेल तर गन चालूच होणार नाही अशी इंटरलॉक व्यवस्था असावी, आणि ती 'अडचण' म्हणून वायर जोडून निकामी करण्याचा प्रकार मालकाने कदापि खपवून घेऊ नये. बूथमधील पावडरचे सरासरी प्रमाण, तिचा ढग पेटू शकेल अशा किमान प्रमाणाच्या निम्म्याहून कमी राहिले पाहिजे, आणि ते काम हा पंखा करतो. बूथच्या तोंडाशी हवेचा आत जाणारा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असावा. मे महिन्यात उकाड्यामुळे कूलर बूथच्या तोंडाकडे वळवला जातो; त्याच्या झोताने बूथची ओढ बिघडते, पावडर शेडभर पसरते आणि तुळयांवर थर साचतात. कूलर कारागिराच्या पाठीमागे नको, शेडच्या हवेशीर कोपऱ्यात दूर असावा.

वीज गेली की पंखा थांबतो, म्हणून त्या क्षणी गनचा कंट्रोलर हाताने बंद करावा, म्हणजे वीज परतल्यावर गन आपोआप सुरू होणार नाही. जनरेटरवर काम चालत असेल, तर जनरेटरचेही अर्थिंग बूथच्या अर्थिंगला जोडलेले आहे याची खात्री करावी.

गन जॉबपासून २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवावी. सपाट पत्र्याला अधिक विद्युतदाब चालतो. कपाटाचे आतले कोपरे आणि खाचा यांत मात्र विद्युतक्षेत्र शिरत नाही, पावडर कडांवरच बसते. तेथे दाब वाढवण्याऐवजी दाब आणि प्रवाह कमी करावा, हवेचा जोर घटवावा आणि नोझल खाचेच्या दिशेने धरावा. आधीच पावडर बसलेल्या जागी फवारा मारत राहिल्यास थरातील भार उलट फुटू लागतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. बहुतेक पावडरसाठी ६० ते ८० मायक्रॉन जाडी पुरेशी असते.

ऊन, दमटपणा आणि हवा

पावडर ३० अंशांखाली, कोरड्या जागी ठेवावी असे उत्पादक सांगतात, आणि आपल्याकडे बाहेर पारा ४५ अंशांकडे गेल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये ते अशक्य असते. तापलेल्या पावडरचे गोळे होतात, नोझल तुंबते आणि फवारा तुटक येतो. उन्हाळ्यात आठवड्यापुरतीच पावडर मागवावी आणि ती पक्क्या भिंतीच्या, शक्य असल्यास वातानुकूलित खोलीत ठेवावी. पावसाळ्यात उघडी पिशवी हवेतील ओल घेते, म्हणून उरलेली पावडर लगेच बंद करावी.

दाबाच्या हवेत पाणी आणि तेल नसावे. येथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: पाणी फक्त पावसाळ्यात येते असे मानले जाते, परंतु कॉम्प्रेसरची खोली तापलेली असताना हवा गरमच ड्रायरमध्ये शिरते आणि ड्रायर आपल्या क्षमतेइतके काम करू शकत नाही. ड्रायर सावलीत आणि वाऱ्याला असावा, आणि टाकीतील पाणी रोज सकाळी काढावे.

ओला रंग असेल तर

थिनरवर आधारित रंगाची गन वापरणाऱ्यांसाठी नियम अधिक कडक आहेत. रंगाचे भांडे, पंप आणि ओतण्याचे डबे धातूचे असावेत आणि ओतताना दोन्ही भांडी तारेने एकमेकांना व जमिनीला जोडावीत. प्लॅस्टिकच्या कॅनमधून थिनर ओतू नये. गन धुताना विद्युतदाब बंद करून, इलेक्ट्रोडचे टोक जमिनीशी जोडलेल्या धातूला टेकवून उरलेला भार काढावा आणि मगच थिनर सोडावे. पेट्रोलने गन कधीही धुऊ नये आणि ती थिनरमध्ये पूर्ण बुडवूनही ठेवू नये. उत्पादकाने दिलेल्या पाइपऐवजी बाजारातील साधा पाइप लावणे येथे जिवावर बेतू शकते. पाण्यावर आधारित रंग स्वतःच वीज वाहून नेतो, म्हणून तो या यंत्रणेत भरू नये. त्यासाठी जमिनीपासून अलग ठेवलेली वेगळी पुरवठा व्यवस्था लागते.

साफसफाई आणि देखभाल

पाळी संपल्यावर पावडरची गन उघडून तिचे भाग कोरड्या, कमी दाबाच्या हवेने आणि मऊ ब्रशने, बूथच्या आतच आणि पंखा चालू ठेवून साफ करावेत. नोझलमध्ये वितळून चिकटलेली पावडर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने काढावी. खिळ्याने खरवडल्यास चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पावडर आणखी चिकटते. झिजलेला नोझल आणि बोथट इलेक्ट्रोड बदलावा. केबलवरील चीर चिकटपट्टीने झाकू नये, केबलच बदलावी. गनचा दाब महिन्यातून एकदा किलोव्होल्ट मीटरने तपासावा. दाखवलेला आणि प्रत्यक्ष दाब यांत मोठे अंतर दिसले, तर गन उत्पादकाच्या माणसाकडे द्यावी, शेडमध्ये उघडून जोडू नये.

शेडमधील साचलेली पावडर दाबाच्या हवेने कधीही उडवू नये. तुळया, दिवे आणि ओव्हनचा माथा येथील थर ठिणगीरोधक व्हॅक्युम क्लीनरने किंवा मऊ झाडूने हळुवार काढावेत, कारण बूथमधील छोट्या आगीच्या हादऱ्याने हा थर एकदम हवेत उठला, तर दुसरा भडका पहिल्यापेक्षा मोठा होतो. फिल्टर तुंबले की बूथची ओढ कमी होते. दाबमापकाचा काटा रोज पाहावा आणि फिल्टर वेळीच बदलावेत.

आग लागल्यास प्रथम विद्युतदाब आणि पावडर किंवा रंगाचा पुरवठा बंद करावा, जॉब वाहून नेणारा कन्व्हेअर थांबवावा आणि माणसांना बाहेर काढावे. यासाठीचे एकत्रित बटण बूथपासून दूर, बाहेर पडण्याच्या वाटेवर असावे. पावडर बूथमध्ये अग्निशामकाचा जोरदार झोत साचलेल्या पावडरवर मारू नये, तो ढग उठवतो. आग विझल्यावर हुक, जॉब आणि अर्थ पट्टी यांची पुन्हा मेगरने तपासणी करून ठिणगी कोठून पडली ते शोधावे, आणि ते सापडल्याशिवाय गन चालू करू नये.