नवा साप हाताला सवयीचा करताना या चुका टाळा

घरी पहिला पाळीव साप आला की प्रश्न ठरलेला असतो, "दादा, हातात कधी घ्यायचा?" ठाणे, कळवा, नेरुळ, खारघर, कुठूनही फोन आला तरी सुरुवात हीच. आणि पुढच्या दोन वाक्यांत कळतं की साप हातात घेऊन झालेला आहे, फोटोही टाकून झालेत, आता तो खात नाही किंवा चावायला येतोय म्हणून फोन आलाय. त्याच त्या चुका वर्षानुवर्षं बघतोय. त्रास होतो तो मुक्या जनावराला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. साप लळा लावत नाही. तो फार तर एवढंच शिकतो की हा मोठा, उबदार प्राणी आपल्याला खायला आलेला नाही. एवढं शिकायलाही त्याला कित्येक आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल त्याने साप घेऊच नये, हे माझं मत आहे आणि ते बदलेल असं मला वाटत नाही.

पहिल्याच दिवशी हातात घेणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. घोडबंदर रोडवरच्या एका घरातली गोष्ट सांगतो. मुलगा कॉलेजात. बराच हट्ट करून त्याने बॉल पायथनचं पिल्लू आणलं. आणलं शनिवारी रात्री आणि रविवारी घरी सत्यनारायणाची पूजा. तीर्थप्रसाद घेऊन झाला की प्रत्येक पाहुणा आतल्या खोलीत जाऊन साप हातात घेऊन फोटो काढत होता. साप अंगाची घट्ट गुंडाळी करून, डोकं मधोमध खुपसून बसलेला. काका म्हणाले, "किती गरीब आहे बघ, झोपलासुद्धा." तो झोपला नव्हता. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटा अजगर फार घाबरला की असाच बसतो. डोकं वाचवायचं, बाकी जे होईल ते होईल.

मग त्याने खाणं सोडलं. बॉल पायथन मुळातच उपाशी राहण्यात पटाईत, धडधाकट मोठा साप काही महिने न खाता काढू शकतो. पण घरच्यांचा धीर सुटला. रोज उंदीर दाखवायला लागले, रोज टँक उघडायला लागले. शेवटी एका रात्री जिवंत उंदीर आत सोडून सगळे झोपले. मी गेलो तेव्हा सापाच्या पाठीवर, कण्याच्या रेषेत, तांदळाच्या दाण्याएवढ्या जखमा होत्या. खवले कुरतडलेले, आतलं गुलाबी मांस दिसत होतं. भुकेला उंदीर रात्रभर बंद जागेत राहिला की सापालाच खायला लागतो, आणि भेदरलेला साप प्रतिकारही करत नाही. जखमा डॉक्टरांना दाखवाव्या लागल्या. त्या भरल्या, पण वण कायमचे राहिले.

त्या टँकमध्ये लपायला एकही जागा नव्हती. हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी चारही बाजूंनी काच, आत शोभेची एक फांदी. मी टँक आतल्या खोलीच्या कोपऱ्यात हलवला, तीन बाजूंना खाकी कागद लावला, लपायला दोन डबे ठेवले. एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. डबा एवढाच हवा की साप आत शिरल्यावर त्याचं अंग भिंतींना टेकलं पाहिजे, मोठ्या डब्यात त्याला सुरक्षित वाटत नाही. टँकला ऊब देणाऱ्या हीट मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं यंत्र, जोडला. उबदार बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २६च्या आसपास. पाणी बदलण्यापुरताच हात आत जाईल, एवढीच परवानगी घरच्यांना दिली. पुढे तो स्वतःहून खायला लागला. हातात घ्यायची सुरुवात त्यानंतर.

माझा नियम असा: घरी आल्यावर सात ते दहा दिवस हात लावायचा नाही, आणि सलग दोन-तीन वेळा व्यवस्थित खाल्ल्याशिवाय उचलायचा नाही. दोन्ही अटी पूर्ण झाल्या पाहिजेत. "पण रीलमध्ये तर पहिल्याच दिवशी घेतात" असं मला सांगू नका. त्या सापाने पुढच्या महिन्यात खाल्लं की नाही, हे रीलमध्ये कोणी दाखवत नाही.

वरून झडप घालणं

बहुतेक मुलं टँकचं झाकण उघडतात आणि वरून पंजा खाली नेऊन डोक्यामागे धरतात. सापाच्या दृष्टीने वरून येतो तो घार किंवा घुबड. मान धरायची पद्धत जंगली, विषारी सापांसाठी आहे, तीही शिकलेल्या माणसाने वापरायची. पाळीव सापाला तसं धरलंत तर त्याच्या लक्षात एकच गोष्ट राहते, की तुम्ही शिकारी आहात.

मी काय करतो ते सांगतो. हात साबणाने धुतो. टिश्यू पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी हलकेच सापाच्या अंगाच्या मध्यावर टेकवतो. यामुळे त्याला कळतं की आता जे येतंय ते खाणं नाही. मग बाजूने, खालच्या पातळीवरून हात नेतो, अंगाच्या मध्याखाली सरकवतो आणि दुसरा हात शेपटीकडच्या भागाखाली देतो. पकडत नाही, नुसता आधार देतो. साप एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकत राहतो, मी फक्त पुढे पुढे हात देत जातो. आणि हे सगळं जमिनीवर बसून. उभं राहून घेतलेला साप निसटला तर चार-साडेचार फुटांवरून लादीवर आपटतो, त्यात बरगड्या मोडू शकतात.

सुरुवातीला पाच मिनिटं पुरतात. जीभ सावकाश, लांब बाहेर येत असेल तर तो शांतपणे अंदाज घेतोय. मानेचा इंग्रजी एस झाला, श्वास फुसफुस येऊ लागला, कॉर्न स्नेक (हाही पाळला जाणारा एक बिनविषारी परदेशी साप) शेपटीचं टोक थरथरवायला लागला, की घाई न करता परत ठेवायचा. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. रोज तासभर घेतल्याने तो लवकर सवयीचा होतो हा निव्वळ गैरसमज.

उंदराच्या वासाचा हात

बॉल पायथनच्या वरच्या ओठावर छोटे खळगे असतात. त्यांनी त्याला उष्णता जाणवते, अंधारातही. आता विचार करा: हाताला उंदराचा वास आणि हात गरम. नेरुळच्या एका मुलीने गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात मऊ करून सापाला दिला आणि त्याच हाताने पाण्याची वाटी उचलायला गेली. साप अंगठ्याला चिकटला आणि तिने घाबरून हात हिसकला. सापाचे दात मागे वळलेले असतात, हिसकलं की कातडी फाटते आणि सापाचे दातही तुटतात. असं झालं तर हात स्थिर ठेवा, डोक्यावर थंड पाण्याची बारीक धार सोडा, तो सोडतो. जखम साबणाने धुवा, खोल असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि दुसऱ्या दिवसापासून साप हातात घ्यायचं कायमचं बंद करू नका, चूक त्याची नव्हती.

खाणं देताना मी लांब चिमटाच वापरतो, आधी आणि नंतर हात धुतो. साप हाताळल्यावर लगेच चकली उचलणाऱ्या मुलांना मी तिथेच थांबवतो. सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, घरात लहान मूल असेल तर याबाबत कडक राहा.

खाल्ल्याखाल्ल्या उचलणं

निदान ४८ तास हात नाही. पोटात फुगवटा दिसतोय तोवर तर नाहीच. उचललंत तर तो उंदीर ओकून टाकतो, आणि सापाला ओकणं फार महागात पडतं. ओकलाच तर लगेच दुसरा उंदीर देऊ नका. दहा-बारा दिवस थांबून नेहमीपेक्षा लहान द्या. पुन्हा ओकला तर डॉक्टर.

बाकीच्या, थोडक्यात

डोळे निळसर, धुरकट झाले म्हणजे कात टाकायची वेळ झाली. नीट दिसत नसल्याने तो दचकतो. कात पडेपर्यंत सोडून द्या, आणि अर्धवट कात ओढून काढू नका.

गळ्यात घालू नका. लहान मुलाच्या गळ्यात तर अजिबात नाही.

जाड हातमोजे घालून तुम्हाला धीर येतो, पण सापाला तुमचा हात कधी ओळखीचा होत नाही.

टँक बेडरूममध्ये असेल आणि रात्रभर एसी २२वर असेल तर तुमचा साप शांत नाही, गारठलेला आहे. "गार केला की हातात नीट राहतो" हा शॉर्टकट मला एकाने मोठ्या उत्साहाने सांगितला होता. गारठलेल्या सापाचं अन्न पचत नाही, छातीत संसर्ग होतो. मला हा प्रकार क्रूरपणा वाटतो. उलट टोकही आहे: पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेला काचेचा टँक मे महिन्यात दुपारी भट्टीसारखा तापतो आणि साप काही तासांत मरू शकतो.

दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात साप हाताळायचा नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. सापाला बाहेरचे कान नसतात, पण खालच्या जबड्यातून जमिनीची थरथर त्याला चांगली कळते. डीजेच्या आवाजाने भिंत हादरते, तेव्हा सापाची काय अवस्था होत असेल! टँकखाली जाड फोम घाला आणि त्याला लपून राहू द्या.

पकडलेला साप "माणसाळवणं"

याबद्दल मी कधीच सौम्य बोलत नाही. येऊरचा डोंगर, खारघरची टेकडी, बेलापूरचा उतार, सगळीकडे इमारती थेट जंगलाला टेकल्यात. पावसाच्या तोंडावर पार्किंगमध्ये सापाची पिल्लं सापडतात. खारघरच्या एका मुलाने मला फोटो पाठवला. रंगाची रिकामी बादली, तळाशी वीतभर पिल्लू. "दादा, अजगराचं पिल्लू मिळालंय. हाताला सवय कशी लावू?"

पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, डोकं त्रिकोणी. ती घोणस होती. घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते, आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं. अजगराच्या पाठीवरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात, पण ते ओळखणं नवख्याचं काम नाही. आदल्या रात्री त्या मुलाने ते पिल्लू उघड्या हाताने उचलून बादलीत टाकलं होतं. मी त्याला बादलीवर झाकण ठेवायला लावलं, वर वजन ठेवून खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं आणि लगेच वनविभागाला कळवायला लावलं. पिल्लू सुखरूप डोंगरात गेलं. तो मुलगाही सुखरूप राहिला, त्याचं श्रेय निव्वळ नशिबाला आहे.

बिनविषारी असला तरीही उत्तर तेच. धामण असो, दिवड असो, मांडूळ असो, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी साप घरात पाळता येत नाही, तुरुंगवास होऊ शकतो. गुप्तधनाच्या नादाने मांडूळ ठेवणाऱ्यांची तर मला चीड येते. घराजवळ साप दिसला तर लांब राहा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. हाताळायची हौस असेल तर कैदेत जन्मलेला परदेशी साप, कागदपत्रांसह. बॉल पायथन साईट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत असल्यामुळे २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, साप ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका, साप तिथेच सोडून निघा.