डॉल्फिननं मासळी संपवली? हिशेब मांडताना या चुका टाळा

वरळी-वांद्र्यासमोर डॉल्फिनचा कळप दिसला की धक्क्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘हेच आमची मासळी खातात.’ खातात, यात वाद नाही. पण किती आणि कोणती, इथे गणित चुकतं.

डॉल्फिन दिवसाला साधारण स्वतःच्या वजनाच्या 4 ते 6 टक्के खातो. दीडशे किलोचा धरला तर 6 ते 9 किलो, दहांच्या कळपाचे 60 ते 90. हा आकडा सरळ आपल्या पकडीतून वजा करणं ही पहिली चूक. त्यात बाजारात न येणारी बारीक मासळीही असते. शिवाय तो जो मासा खातो, तो मासाही दुसऱ्या मासळीची पिल्लं खात असतोच. दक्षिण आफ्रिकेत सील मारले तर हेक मासा वाढेल का, याचं गणित मांडलं गेलं. हेकची एक जात दुसरीची पिल्लं खाते, म्हणून उत्तर ‘नक्की नाही’ असंच निघालं.

जात न पाहता आरोप करणं ही दुसरी. आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो पाठीच्या पराखाली कुबड असलेला डॉल्फिन. तो खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात राहतो, बोय, ढोमा, तारली असलं खातो. खोल पाण्यातली सुरमई घटली तर त्याच्याकडे बोट दाखवू नका. मोजतानाही जपा: सकाळी वरळीला आणि दुपारी वांद्र्याला दिसलेला कळप एकच असू शकतो. पाठीच्या पराचा फोटो काढा, त्यावरच्या खाचा जुळवा. बिनपराचा पोरपॉइज (डॉल्फिनचाच छोटा नातेवाईक) मात्र थोड्या लाटांतही नजरेतून सुटतो.

सगळ्यात जास्त घोळ फाटलेल्या जाळ्यावरून होतो. मासा हातात घेऊन बघा. डॉल्फिनचे दात सुळ्यांसारखे, पकडायला, चिरायला नव्हे. त्यामुळे अंगावर समांतर ओरखडे दिसतात, किंवा धड ओढून नेलेलं असतं आणि डोकं जाळ्यात अडकून राहतं. केंड माशाची चोच दोरा कात्रीनं कापल्यासारखा तोडते, मांसाचा गोल घास काढते. खेकडा पोटाकडून, कल्ल्यांकडून कुरतडतो, मांसाचे धागे निघतात. अर्धचंद्राचा सपाट काप असेल तर मुशी.

पकडीची तुलना करताना उधाणाची (मोठ्या भरतीची) डोल, म्हणजे प्रवाहात रोवलेलं पिशवीसारखं जाळं, भांगाच्या (लहान भरतीच्या) डोलीशी जोडू नका. तिथीला तिथी, किलोचा हिशेब दर डोलीला आणि दर पाण्याला, म्हणजे दर भरती-ओहोटीला. खोल्यातली, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीतली, पिल्लं वेगळी मोजा. राज्यानं 2023 मध्ये ठरवलेली किमान लांबी पापलेटला 135 आणि बोंबलाला 180 मिलिमीटर आहे. त्याखालचा वाटा मोठा निघाला तर आधी जाळ्याचा आस (भोकाचा आकार) बघा, मग डॉल्फिनकडे वळा.

डॉल्फिनला लांब ठेवायला जाळ्यावर पिंगर (आवाज करणारं यंत्र) लावणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे बॅटरी न तपासणं: एक बंद पडला की तेवढी मोकळी वाट राहते. शिवाय डॉल्फिन हुशार; पिंगर म्हणजे जाळं, जाळं म्हणजे जेवण, हे तो शिकतो.

जाळ्यात अडकलाच तर शेपटी धरून ओढू नका. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र पाण्याबाहेर ठेवा आणि जाळं कापा. कापण्याआधी आणि सोडताना व्हिडिओ घ्या: संरक्षित प्राणी सोडवताना जाळ्याचं नुकसान झालं तर राज्यात 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि अर्जाला तोच पुरावा लागतो.