रेशमाच्या आधारावर हाड आणि कूर्चा वाढवताना

माझा धाकटा भाऊ कुस्ती खेळायचा. गुडघ्यातली कूर्चा फाटली आणि त्याची लाल माती सुटली. हाड मोडलं तर जुळतं. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे ती आपसूक भरून येत नाही. तेव्हापासून मी कोल्हापुरात प्रयोगशाळेत मूळ पेशींवर काम करते आणि नव्या मुलींना जे हाताला धरून शिकवते, तेच इथं लिहिते. हे सगळं डिशमधलं काम आहे. मूळ पेशींचं इंजेक्शन देतो म्हणणाऱ्या कुणाला यावरून गुडघा दाखवू नका.

पेशींना वाढायला सच्छिद्र आधार लागतो आणि तो आपण रेशमाचा करतो, म्हणून सगळं काम रेशमावर अवलंबून आहे. तुतीच्या रेशमाचे कोष कापून अळी काढा. 5 ग्रॅम तुकडे 2 लिटर उकळत्या पाण्यात 4.24 ग्रॅम सोडियम कार्बोनेट घालून 30 मिनिटं उकळा, म्हणजे वरचा सेरिसिनचा डिंक निघून जातो. तंतू बोटांत धरून बघा: चिकट लागले तर डिंक राहिलाय, ओल्या पिंजलेल्या कापसासारखे सुटले तर झालं. पण खात्रीसाठी म्हणून तासभर उकळत ठेवू नका, रेशमाच्या मूळ प्रथिनाच्या, म्हणजे फायब्रोइनच्या, साखळ्या तुटतात. धुऊन वाळवलेलं रेशीम 9.3 मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये 60 अंशांवर 4 तास ठेवलं की मधाच्या रंगाचं होतं. मग 48 तास डायलिसिस, म्हणजे द्रावण पातळ पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचं, पाणी बदलत बदलत, की लिथियम ब्रोमाइड निघून जातं.

आता मीठ. 500 ते 600 मायक्रॉनचे खडे चाळून घ्या आणि 2 मिली द्रावणात 4 ग्रॅम मीठ हळूहळू भुरभुरा. दोन दिवसांत घट्ट झालं की पाण्यात ठेवून मीठ विरघळवून टाका. जिथं खडा होता तिथं भोक राहतं. पेशींचं घर तेच. 2-3 मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा आणि ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करा.

अस्थिमज्जेतल्या मेसेनकायमल पेशी (हाड किंवा कूर्चा बनू शकणाऱ्या मूळ पेशी) नैतिकता समितीची परवानगी आणि दात्याची लेखी संमती असल्याशिवाय घेऊ नका. चकती रात्रभर माध्यमात, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, भिजवा, जादा पाणी शोषून घ्या आणि पेशी थेंबथेंब सोडा. मग 2 तास इन्क्युबेटरमध्ये तशीच राहू द्या. पहिल्या वेळी मी लगेच माध्यम ओतलं आणि पेशी वाहून डिशच्या तळाला चिकटल्या. चकती रिकामीच राहिली.

हाड हवं असेल तर माध्यमात डेक्सामेथासोन, अॅस्कॉर्बिक आम्ल आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घाला. कूर्चा हवी असेल तर सीरम वगळा, ‘टीजीएफ-बीटा 3’ हे पेशींना वळण देणारं प्रथिन दर मिलीमागे 10 नॅनोग्रॅम द्या आणि पेशी दाटीनं बसवा. एकमेकींना खेटल्याशिवाय त्या कूर्चेकडे वळत नाहीत. दोन्हीला साधारण 21 दिवस. त्याच पेशींच्या दोन कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेवा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात वीज गेली, इन्क्युबेटर थंड पडला आणि सतराव्या दिवशीच्या माझ्या चकत्या गेल्या.

शेवटी काय तयार झालं ते रंगवून बघा: हाडासाठी अलिझारिन रेड, कूर्चेसाठी अल्शियन ब्लू. रेशीम स्वतःही रंग धरतं, म्हणून पेशी न घातलेली एक चकती सोबत रंगवा. आणि कडा रंगल्या म्हणून थांबू नका. प्राणवायू आत फार खोल पोचत नाही, मधल्या पेशी उपाशी मरतात. चकती मधोमध चिरा आणि तिथं सूक्ष्मदर्शक लावा.